तातडीचा जादा आकार

निद्राविज्ञान प्रयोगशाळेत डॉक्टर सबनीसांनी अण्णांच्या मेंदूचा आलेख पडद्यावर घेतला, तेव्हा वैजयंतीने फक्त खर्च विचारला. अण्णा, तिचे वडील, शेजारच्या खोलीत झोपले होते. वर्षभर ते जेवणापुरतेच उठत.

पैशांची तिला फारशी फिकीर नव्हती. पुलांचे आराखडे तपासून द्यायचं काम ती घरून, कुणाची नोकरी न करता करायची. 'उद्याच हवं' म्हणून कुणी मागे लागलं, की बला टळावी म्हणून ती दुप्पट भाव सांगे आणि मेलं गिऱ्हाईक लगेच हो म्हणे. मग कानामागे निद्रापट्टी लावून ती खुशाल जागायची. जादा पैशांतला वाटा कंपनीमार्फत एका निद्रावाहकाला जाई, तिच्या वाटची झोप घेणाऱ्या कुणा अनोळखी माणसाला. अण्णा आजारी पडल्यापासून तर तिने एकही तातडीचं काम सोडलं नव्हतं.

"झोप नाहीशी करता येत नाही," सबनीस म्हणाले. "ती फक्त दुसऱ्याकडे वळवता येते. ज्याच्या मेंदूची लय तुमच्याशी जुळते, त्यालाच ती पेलते. यंत्र तसाच माणूस शोधतं. ही लय रक्ताच्या नात्यात सगळ्यात जवळची असते."

मग त्यांनी तिला अण्णांच्या कानामागची पट्टी दाखवली.

वैजयंतीचा हात स्वतःच्या कानामागे गेला. लेकीवर भार नको म्हणून अण्णांनी निद्रावाहक म्हणून गुपचूप नाव नोंदवलं असणार. त्यांच्या उपचारांसाठी तिने कामं वाढवली होती आणि प्रत्येक कामाने त्यांना आणखी झोपवलं होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

साचलेली झोप परत घेता येईल का, असं तिने विचारलं.

"येईल. रोज थोडी घेतलीत तर तुमचं कामकाज चालू राहील, पण दोन वर्षं लागतील. त्यांचं हृदय तेवढा दम धरणार नाही. एकदम घेतलीत तर ते आजच उठतील. तुम्ही मात्र वर्षभर उठणार नाही."

वैजयंतीने शेजारच्या खोलीत जाऊन अण्णांची चादर नीट केली. त्यांच्याशी दोन शब्द बोलायला आता वर्ष जाणार होतं, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं. मग ती बाजूच्या पलंगावर आडवी झाली.

"एकदमच द्या," ती म्हणाली. "उठल्यावर ते मला शोधतील. त्यांना सांगा, तातडीचं काम आलंय. आणि या खेपेला जादा काही घेतलं नाही म्हणावं."

सबनीसांनी मान हलवली आणि पट्टी तिच्या कानामागे बसवली.