काळ्या पाठीचा धोबी

“काळी! याची पाठ काळी आहे!” भिंगरीने संग्रहालयात पेंढा भरलेल्या पक्ष्याच्या काचेच्या कपाटाला नाक चिकटवलं. “माझ्या पुस्तकातल्या धोब्याची पाठ करडी आहे. खरा पक्षी कुणीतरी पळवलाय आणि हा रंगवून ठेवलाय!”

“धोबी? कपडे धुणारा?” मावशीची धाकटी ठमी म्हणाली.

“अगं, पाण्याकाठी सारखी शेपटी आपटतो म्हणून धोबी! चिमणीएवढाच असतो.”

सुट्टीत मावशीकडे येऊन चारच दिवस झाले होते आणि चक्क चोरी सापडली! ठमीचा भाऊ ढब्बू तपासाला लागला. देखरेख करणाऱ्या काकांच्या टेबलाखाली त्याला काळ्या शाईची बाटली मिळाली.

“पुरावा!” भिंगरी ओरडली. भरल्या दालनात, सगळ्यांसमोर तिने काकांकडे बोट दाखवलं. “यांनीच रंगवलाय!”

गलका ऐकून आलेल्या संग्रहालयाच्या साहेबांनी पक्ष्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “चौकशी होईपर्यंत घरी बसा,” एवढंच म्हणाले.

काकांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. जाताना ते मुलांना म्हणाले, “काचेला हात लावू नका रे, डाग पडतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालयामागच्या टाकीपाशी दोन पक्षी तुरुतुरु पळत होते. एकाची पाठ करडी, दुसऱ्याची काळीभोर. शेपट्या मात्र एकाच तालात खालीवर होत होत्या आणि आवाजही तोच, ‘चिझिक्, चिझिक्!’

भिंगरीने ढब्बूची बाही ओढली.

“ढब्बू, दोन्ही धोबीच आहेत रे. मी काय करून बसले!”

“गप्प बस ना! कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना!”

ती तडक साहेबांकडे गेली आणि काळ्या पाठीचाही धोबी असतो, काका निर्दोष आहेत, असं सांगितलं. साहेब हसले. “पुस्तकात करडा आहे ना? मग करडाच!”

सोबत आलेल्या ठमीने डोळे मिचकावले. “साहेब, मागच्या खोलीतल्या खणात खूप धोबी आहेत म्हणे. तेही चोरीचे असतील का हो? तुम्ही मोजलेच असतील!”

साहेब गडबडले. त्यांनी तो खण आजवर कधी उघडलाच नव्हता! आता उघडावा लागला. आत धोब्यांची रांगच रांग होती. कुणी करडा, कुणी काळा, कुणाच्या डोळ्यावरून काळी रेघ गेलेली. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी, चिठ्ठीवर ज्या प्रदेशात तशा रंगाचे धोबी असतात त्याचं नाव. सगळं काकांच्या सुबक अक्षरात, काळ्या शाईने! काचेच्या कपाटातल्या पक्ष्याचीही तशीच चिठ्ठी साहेबांनी काढून नुसता चकचकीत ‘धोबी’ फलक लावला होता.

काकांना तातडीने बोलावलं. खोलीतच माफी मागून मोकळं होता आलं असतं. पण भिंगरी दालनाच्या मधोमध उभी राहिली. कान तापले, आवाज चिरकला.

“काल मी काकांना चोर म्हटलं. ते चोर नाहीत. मीच अर्धवट बघितलं. काका, मला माफ करा.”

“शाब्बास पोरी!” मुलांना न्यायला आलेल्या मावशीने पाठ थोपटली. साहेबांनीही मान खाली घालून “चूक माझीही,” असं पुटपुटत किल्ल्या परत दिल्या. मावशीची ती शाबासकी मात्र भिंगरीला चटक्यासारखी लागली.

काकांनी किल्ल्या खिशात टाकल्या. मग म्हणाले, “नजर तीक्ष्ण आहे तुझी. पण जिभेला घाई फार. उद्या ये, सगळा खण नीट दाखवतो.”

“येईन,” भिंगरी म्हणाली. पण त्यांच्याकडे वर बघायचं धाडस तिला काही झालं नाही.