पाचवा टक्

बेंबळीच्या रस्त्याला रंगविहार पार्क जोरात होतं, तेव्हा तिथल्या रोलर कोस्टरवर माणसं नुसती तुटून पडायची. आता रुळांखाली बाभळी उगवल्यात अन् तिकिटाच्या खिडकीत शेळ्या बसतात. भर दुपारी मल्हार पाच वर्षांनी गेटातनं आत आला, तो दात-ओठ खातच.

मालक अमरसिंहनंच बोलावलं होतं. कर्नाटकातला कल्याणप्पा जत्रेसाठी ही रोलर कोस्टरची गाडी घेणार होता, अन् तिच्या कळा ती चालवणाऱ्या मल्हारशिवाय कुणाला ठाव न्हवत्या.

"दाखवतो," मल्हार म्हणाला. "पण आधी या कल्याणप्पांसमोर खरं बोला. वैष्णवीचा दांडा म्या लावला होता."

वैष्णवी ईट गावची, नऊ वर्षांची. वळणावर तिच्या मांडीवरचा दांडा उघडला अन् पोर खाली पडून मेली. दांड्याचं दातेरी चाक झिजलंय, असं मल्हारनं मालकाला तीनदा सांगितलं होतं. चौकशीत मालकानं सरळ लिहून दिलं, ह्यानं दांडा लावलाच न्हाय. तवापासनं मल्हार दिसला की गावातल्या बाया आपली लेकरं जवळ ओढतात.

मांडीवरचा दांडा दाबला की टक् टक् वाजतो. मल्हार नुसत्या कानानं ओळखायचा. पोटवाला माणूस, दोन टक्. रिकामी सीट, सात. वैष्णवीला पाच वाजले होते. पाच! त्यानं मोजले होते.

"सोड की मल्ह्या, मढी काय उकरतो," अमरसिंह हसला अन् तिसऱ्या डब्यात स्वतःच जाऊन बसला. "बघा कल्याणप्पा, हा आपला भरवसा." पोटावर दांडा ओढला.

टक्. टक्.

लाईट अजून जोडलेली न्हवती. गाडी जागच्या जागी उभी.

शेजारच्या रिकाम्या सीटचा दांडा खाली यायला लागला.

टक्. टक्. टक्. टक्. टक्.

अन् थांबला.

"वारं असंल," अमरसिंह म्हणाला. बाभळीचं पान हलत न्हवतं.

कल्याणप्पानं दांड्यावर दोन्ही हातांनी भार टाकला. सहावा वाजंना. खाली काहीतरी मऊ असल्यागत दांडा दबायचा अन् परत वर यायचा. त्यानं हात झटक्यात काढला, पँटीला पुसला. "मालक, हे गरम लागतंय," म्हणाला, अन् गेटाकडं चालायलाच लागला.

मल्हार हलला न्हाय. "सांगा मालक. तिचा दांडा कुणी लावला न्हवता?"

"तू! तूच इसरलास, भाडखाव!"

टक्.

अमरसिंहच्या पोटावर. तीन.

त्याचा चेहरा उतरला. "मल्ह्या, काढ हे. श्वास घेता येईना."

"मला कुठं जमतंय मालक? तुमीच लिहून दिलंय न्हवं, मला दांडा लावता येत न्हाय."

"मस्करी करू नको! खटका दाब!"

"खरं बोला."

"खरंच बोललोय म्या तवा!"

टक्.

मल्हारचे दोन्ही हात खिशातच होते.