चारची भूक

वस्तीपालट आता दात भरून घेण्याइतका साधा झाला होता. माणसाच्या आतड्यात कोट्यवधी जंतूंची वस्ती असते. कुठली वस्ती चरबी साठवते, कुठली कशाची भूक लावते, हे कळलं होतं. प्रतिजैविकांनी जुनी वस्ती उठवायची आणि सडपातळ माणसांतली आणून वसवायची, झालं.

दामोदर टिळेकरांना मात्र तो नको होता.

"काका, हृदय थकलंय," डॉ. शेवडे म्हणाली. "एवढं वजन ते वर्षभरही ओढणार नाही."

"अहो डॉक्टरीणबाई, जन्मभर काडीपैलवान होतो मी. गुटगुटीत होती ती आमची ही, वत्सला. म्हणायची, सदरा तुमच्या अंगात आहे की खुंटीवर?"

"मग वाढलं कधी?"

विषमज्वरानंतर. औषधांनी पोट पार धुऊन निघालं होतं. दवाखान्याने दिलेल्या जंतूंच्या कुप्या त्यांनी कपाटातच ठेवल्या. वत्सलाने आपल्या ताटातला दहीभात भरवला आणि शेजारणीला हसत सांगितलं, "बायकोचं उष्टं खातायत बघा!"

"म्हणजे रिकाम्या घरात काकूंची वस्ती आली," डॉक्टर म्हणाली. "त्यांच्या जुन्या नमुन्याशी जुळतेय."

"आणि रोज चारला मलिदा खावासा वाटतो, तो?"

शिळी पोळी कुस्करून गूळ-तूप घातलेला मलिदा हे वत्सलाचं चारचं खाणं. ती गेल्यावर दामोदर तो करून तिच्या फोटोसमोर बसून खात.

"तो बहुधा त्या जंतूंचाच हट्ट."

"म्हणजे ती आहे अजून. थोडीशी."

"काका, जंतू आहेत ते."

"तुमच्यासाठी."

"काकू काय म्हणाल्या असत्या?"

दामोदर हसले. "सही करा नि घरी चला, चहा गार होतोय."

त्यांनी सही केली.

वजन उतरलं. जिना चढताना धाप लागेना. शेजारी म्हणाले, "टिळेकर, पुन्हा नवरदेव झालात!"

एके दिवशी दिवा लावायला ते स्वयंपाकघरात गेले. डब्यात सकाळची पोळी तशीच होती. चार कधीच वाजून गेले होते. त्यांनी घाईने मलिदा केला, तूप सढळ घातलं, वाटी घेऊन फोटोसमोर बसले. एक घास खाल्ला. चव तीच होती. दुसरा घ्यावासा वाटेना.

वाटी तशीच हातात राहिली. आज दिवसभरात वत्सलाची आठवण एकदाही आली नव्हती.