चार्जिंगचं निमित्त

साहेब, तुम्ही खोटं बोललात. तोंडावर सांगतोय, माघारी बोलायची मला सवय नाही. राजगडाच्या पायथ्याला, पाली गावातल्या गाडीतळावर तुम्ही एक हिरवा खांब उभा केलात. फीत कापलीत, नारळ फोडलात, फोटो काढलेत आणि धुरळा उडवत निघून गेलात. खांबावर झोकात लिहिलंय, 'विजेच्या गाड्यांचे चार्जिंग केंद्र'. त्या खांबापर्यंत वायरच आली नाही, साहेब! आता तिथं शेळ्या अंग घासतात.

आणि त्या पाटीवर विश्वास ठेवून माघातल्या एका दुपारी एक पोरगी तिथं येऊन अडकली.

प्रेरणा तिचं नाव. राहायला भोरमध्ये. लॅबसाठी वेल्ह्याच्या गावागावांतून रक्ताचे नमुने गोळा करायची. इतके दिवस बर्फाची पेटी स्कूटीला बांधून हिंडली, आता स्वतःची गाडी घेऊन लॅबला लावायची होती. दोन गाड्या तिच्या आवाक्यात होत्या, किंमत जवळपास सारखीच. एक छोटी इलेक्ट्रिक, दुसरी डिकीवाली पेट्रोल. तिचे वडील रतनअण्णा एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. त्यांचा निकाल ठरलेला. "डिकी नाही ती गाडी कसली? पायातली चप्पल ती!" पण प्रेरणाचं मन त्या चपलेवरच बसलं होतं. म्हणून तिनं ती इलेक्ट्रिक आधी महिनाभर भाड्यानं घेतली. चालवून बघू, मग ठरवू.

तिनं खांबाचं झाकण उघडलं. आत कोळ्याचं जाळं. बटण दाबलं, खांबावर थाप मारली...

"म्याडम, त्या खांबाला शेळी बांधा. गाडी नगं."

ती वळली. पांढऱ्या डिकीवाल्या गाडीला टेकून एक उंच पोरगा उभा. हातात ओलं फडकं, डोळ्यांत हसू. हा गोरख. पुण्याहून गडावर येणाऱ्या पोरांना याच गाडीनं आणायचा, सोडायचा. 'ताई' हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता, पण तिचा चेहरा बघून त्यानं तो गिळला. बरं झालं. ताई म्हणाला असता तर पुढचं सगळंच बोंबललं असतं.

"हसताय काय? पेटीत नमुने आहेत माझे. संध्याकाळच्या आत भोरला पोचले पाहिजेत."

"मग चला की. आत्याच्या खानावळीत फ्रीजरचा मोठा प्लग हाय."

खानावळ रस्त्याच्या कडेलाच होती. फ्रीजरची पिन निघाली, गाडीची लागली. चार्जरवरचा दिवा लाल झाला आणि तसाच राहिला.

"अर्थिंग नाहीये," प्रेरणा म्हणाली. "अर्थिंग नसेल तर ही गाडी चार्जच होत नाही."

"नसंल कसं? म्याच खड्डा खनला हुता. कोळसा घातला, मीठ घातलं... वाळला असंल." त्यानं भिंतीकडंचा दगड सरकवला आणि आत्याचा भरलेला हंडा उचलून खड्ड्यात उपडा केला.

"आरं मुडद्या!" आतून धोंडाबाईआत्या कडाडल्या. "प्यायाचं पानी मातीला पाजतोस?"

"आत्या, मातीलाच तहान लागलीया!"

दोघं खड्ड्यावर ओणवी. पाणी जिरत होतं, माती बुडबुडत होती, ओल्या कोळशाचा वास वर येत होता. प्रेरणानं मागं वळून बघितलं. दिवा हिरवा झाला होता! तिनं टाळी वाजवली, लहान पोरीसारखी. गोरख दिव्याकडं बघायचं विसरूनच गेला.

आता थांबणं आलं. विजेची गाडी पेट्रोलसारखी घटाघटा पीत नाही, घोट घोट घेते. आत्यांनी कपबशीतून चहा दिला. भाकरी थापता थापता नाव विचारलं, गाव विचारलं आणि शेवटी आडनाव विचारलं. प्रेरणानं सांगितलं. आत्यांचा हात भाकरीवर क्षणभर थांबला, मग पुन्हा थापायला लागला.

त्यानंतर वेल्ह्याची फेरी असली की तिची गाडी पालीला थांबायची. खांब मेलेलाच होता, त्यामुळं निमित्त जिवंत होतं. 'म्याडम'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

"तुझी गाडी आवाजच करत न्हाई," गोरख म्हणायचा. "तू कवा आली त्येच कळत न्हाई."

"तुला कशाला कळायला पाहिजे?"

"न्हाई... म्हंजे... प्लग मोकळा ठिवाया."

"हो का! प्लगची भारी काळजी रे तुला."

एकदा त्यांनी एकमेकांच्या गाड्यांतून फेरी मारली. आधी तिनं त्याची पेट्रोल मार्गासनीपर्यंत पळवली. ऐसपैस सीट, चढाला जोर, डिकीत भाताची दोन पोती पडली तरी पत्ता नाही. "आता कळलं?" तो मिशीत हसला. मग तो तिच्या गाडीत बसला. तिनं गाडी काढली आणि गोरखची बडबड हळूहळू थांबली. काच खाली होती. बांधावरचा पारवा घुमत होता, पाटाचं पाणी वाजत होतं. तिनं स्टेअरिंग फिरवलं की बांगडी किणकिणायची, तेवढीही त्याला ऐकू येत होती. शेवरी लालभडक फुलली होती...

उतारावर तिनं बोट दाखवलं. "बघ, आकडा वाढतोय. उतारावर हिला उलट चार्जिंग मिळतं."

"आयला! म्हंजे घसरली तरी कमाई?"

ती खळखळून हसली. हसता हसता तिचा हात त्याच्या हाताला लागला. दोघांनीही काढून घेतला नाही.

पण एक सल तिच्या मनात होता. पहिल्या दिवशी कपबशी. दुसऱ्या खेपेपासून कागदी कप. खानावळीत ट्रेकर लोकांनाही कागदी कपच असतो, म्हणजे बोट ठेवायला जागा नाही. जात ही अशीच वागते, शिवी देत नाही, नुसतं भांडं बदलते. प्रेरणानं बघितलं होतं. गोरखनंही बघितलं होतं. आत्यांनी विचारलं की तो पटकन म्हणायचा, "चार्जिंगला आल्यात त्या." आत्यांसमोर ती 'त्या' व्हायची.

भाड्याचा महिना संपत आला होता. एक दिवस तिच्या पेटीत गुंजवण्याच्या एका तान्ह्या बाळाचं रक्त होतं. कावीळ किती चढलीय ते तातडीनं बघायचं होतं. गाडी पालीला प्लगला लावली आणि लाइट गेली. दुपार कलली तरी आली नाही. खड्ड्यात पाणी ओतून भागेल असलं हे दुखणं नव्हतं. प्रेरणाचा चेहरा उतरला. गोरखनं काही विचारलं नाही. पेटी उचलली, मांडीवर घ्यावी तशा मायेनं आपल्या गाडीत ठेवली, आलेलं भाडं दुसऱ्याला दिलं आणि प्रेरणाला घेऊन गाडी भोरकडं सोडली.

नमुना वेळेत पोचला. लॅबच्या पायरीवर प्रेरणाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो तिला घरी सोडायला निघाला. गल्लीच्या तोंडाशी निळी कमान दिसली तसा त्यानं ब्रेक दाबला.

"म्या हितंच थांबतो."

"घर पुढं आहे. अण्णा भेटतील. चहा घे."

"नगं... कुनी बगंल."

गाडीत इंजिनाची घरघर चालू होती.

"कोण बघेल, गोरख? आणि बघितलं तर काय दिसेल?"

तो स्टेअरिंगवरचा नसलेला डाग पुसत राहिला.

"मला तुमच्याकडं कागदी कप मिळतो. तुला माहितीये. आमच्याकडं तुला घरातलाच कप मिळेल, आणि तोसुद्धा तुला नको."

"आत्या जुनी हाय गं. तिनंच वाढवलंय मला."

"आत्यांचं मी विचारलंच नाही. तुझं विचारतेय."

"मला... तू लई आवडतीस." तो कसंबसं बोलला, समोरच्या काचेकडं बघत. "पर हे असंच चाललंय की झाक. तू चार्जिंगला येतीस, दोन घटका बोलतो. कुनाला शंका न्हाई. तू तीच गाडी घे. रोज यायाला कारन ऱ्हाईल."

किती दिवस तिनं हे ऐकायची वाट बघितली होती! ऐकलं, आणि गोड घासात खडा लागावा तसं झालं. ती खाली उतरली. खिडकीशी वाकून त्याच्या गालाला हलकेच बोटं लावली आणि कमानीखालून चालत गेली. मागं बघितलं नाही.

रात्रभर तिनं विचार केला. इलेक्ट्रिक तिला आवडली होती, अगदी जिवापासून. तो शांतपणा, ती बांगडीची किणकिण पुन्हा मिळणार नव्हती. पण बाळाचं रक्त लाइटीची वाट बघत नाही. आणि प्रेमाला रोज प्लग लागत असेल, तर ते प्रेम आहे की भाड्याची गाडी?

शिमग्यानंतरचा रविवार. खानावळ ट्रेकर लोकांनी गच्च भरलेली. गोरख पिठलं वाढत होता. बाहेर हॉर्न वाजला. चंदेरी रंगाची नवी कोरी गाडी अंगणात उभी. मागं डिकी.

प्रेरणा उतरली. आज तिच्या अंगावर लॅबचा कोट नव्हता. जांभळी साडी होती, केसांत अबोली होती.

गोरख पातेलं हातात घेऊन दारात आला. गाडी बघितली आणि त्याचा चेहरा विझला. "पेट्रोल घेतलीस?"

"हो."

"म्हंजे... आता हितं थांबायची गरज न्हाई."

"नाही. टाकी भरलीय, सुट्टीचा दिवस आहे, नमुने नाहीत. काहीच गरज नाही." ती एक पाऊल पुढं आली. "तरी आले."

आत्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "चार्जिंगवाली आली व्हय? आन् आज साडी? कुटं लगीन-बिगीन हाय का?"

"चार्जिंग नाही, आत्या. मी गोरखला भेटायला आलेय."

जेवणारे हात थांबले. कुणीतरी खाकरलं. आत्यांनी भाच्याकडं बघितलं. "गोरख्या, ही काय म्हनतीया? कशापायी आलीया ही?"

गोरखनं खाली बघितलं. मग पातेलं ओट्यावर ठेवलं. हात धुतले, सावकाश, एकेक बोट. आणि एवढ्या माणसांतून चालत येऊन तो तिच्या शेजारी, आत्यांकडं तोंड करून उभा राहिला. त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला होता.

प्रेरणाचे डोळे भरून आले. तरी तिनं मान वर केली.

"शेजारी आलास, बरं वाटलं रे. लई बरं वाटलं. पण नुसतं उभं राहून भागायचं नाही. आत्यांनी विचारलंय, सगळ्यांनी ऐकलंय. आता तोंडानं सांग, गोरख. मी तुझी कोण?"