होडीवाली, ढोलवाला आणि सिमेंटचे ब्लॉक

प्रजासत्ताकात प्रत्येक नागरिकाच्या मताला सारखीच किंमत असते. घानातल्या आमच्या कोफोरिडुआत फक्त ज्याचा फोन लागतो त्याच्या मताला असते. सकाळी सहा ते नऊ रेडिओवर अंकल टेटेंचा कार्यक्रम चालतो. देशाचं काय चुकतंय ते लोक फोन करून सांगतात, आणि नऊ वाजता देश पुन्हा चुकायला मोकळा होतो.

फोन करणारे दोन प्रकारचे. ज्यांना कधीतरी काहीतरी सांगायचं असतं ते, आणि ज्यांना रोज सांगायचं असतं ते. हे दुसरे पक्षांना फार प्रिय. त्यांच्या फोनचं रिचार्ज पक्ष करतो, आणि निवडणूक जिंकली की कुठलं पद द्यायचं याचं आश्वासनही त्यांना आगाऊ मिळतं.

विरोधी बाकावरच्या ढोल पक्षाचा असा माणूस म्हणजे क्वासी ओबेंग. जंक्शनवर, म्हणजे चार रस्त्यांच्या चौकात, पंखे-इस्त्र्या दुरुस्त करायचा, म्हणून रेडिओवर ‘जंक्शन ओबेंग’. आणि सत्तेवरच्या होडी पक्षाची बाजू लढवायची ती अकोसुआ डार्कोआ. गावाच्या दुसऱ्या टोकाला, एफिदुआसेत, शाळेचे गणवेश शिवायची. तिला रिचार्ज कुणी देत नसे. ती स्वतःच्या रागावर फोन करायची.

तीन वर्षं दोघं रोज सकाळी एकमेकांना फाडून खात होते. तो तिला ‘माझ्या विद्वान विरोधक’ म्हणायचा, ती त्याला ‘जंक्शनवरचे ते गृहस्थ’. एकमेकांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या कल्पनेत ती साठीची, जाड चष्म्याची निवृत्त मुख्याध्यापिका होती. तिच्या कल्पनेत त्याला पोट होतं आणि तोंडात सतत काडी.

फेब्रुवारीत, हरमॅटनचा कोरडा वारा सगळं गाव पीठ चाळल्यासारखं करत असताना, डार्कोआची इस्त्री बंद पडली. तिचा नेहमीचा मेकॅनिक कुणाच्या तरी अंत्यविधीला गेला होता. आमच्याकडचे अंत्यविधी चार-चार दिवस चालतात, आणि गणवेश सोमवारी द्यायचे होते. इस्त्री पिशवीत घालून ती जंक्शनवर आली.

निळ्या कंटेनरच्या दुकानात एक सडपातळ तरुण बसला होता. कानामागे स्क्रू-ड्रायव्हर, समोर पोट फाडलेला पंखा. दुकानामागे कुणाची तरी शेळी बांधलेली होती, ती जगावर नाराज होती. तरुणानं न बोलता हात पुढे केला, इस्त्रीची वायर नाकाशी नेली आणि डोळे मिटून वास घेतला. वैद्यानं नाडी पाहावी तसा. डार्कोआला ते... बरं वाटलं. का, ते तिलाही कळलं नाही.

कोपऱ्यातल्या रेडिओवर अंकल टेटे विचारत होते, “आजचा विषय. म्हातारपणासाठी तुम्ही काय ठेवलंय?”

तरुणानं बोट वर केलं. “एक मिनिट हं, मॅडम. राष्ट्रीय काम आहे.” आणि फोन लावला. “अंकल टेटे, सुप्रभात. जंक्शनवरून बोलतोय.”

डार्कोआचा हात टेबलावर होता तिथेच राहिला. तोच आवाज. एकदा त्याच्या तोंडातून, आणि क्षणभरानं पुन्हा रेडिओतून.

“माझं म्हातारपण ढोल पक्षाच्या हातात सुरक्षित आहे,” आवाज म्हणत होता. “डिसेंबरात आमचं सरकार येणार. मला पद मिळणार, पदाला पेन्शन मिळणार. अशा वेळी बचत करणं म्हणजे पक्षावर अविश्वास दाखवणं आहे, अंकल.”

डार्कोआनं आपला फोन काढला. शेळीकडे तोंड करून उभी राहिली आणि नंबर लावला. लागला.

“दुसऱ्या लाइनवर कोण?” अंकल टेटेंनी विचारलं.

“सिस्टर डार्कोआ. जंक्शनवरच्या त्या गृहस्थांना विचारा, ढोल हरला तर ते म्हातारे व्हायचं रद्द करणार आहेत का?”

ओबेंगनं मान वर केली. फोन कानालाच होता. रेडिओत ती होती आणि समोर, तीन हातांवर, पिवळ्या ब्लाउजमधली पाठमोरी मुलगीही तीच होती... आणि तिच्या मानेवर शिंपिणीची टेप लोंबत होती.

“माझ्या... माझ्या विद्वान विरोधक...” तो म्हणाला.

“थांबा जरा,” अंकल टेटे म्हणाले. “तुमच्या दोघांच्या मागे एकच शेळी ओरडतेय.”

सगळं गाव ऐकत होतं.

“शेळी सार्वजनिक आहे, अंकल,” ओबेंग म्हणाला.

डार्कोआ हसली. तीन वर्षांत गावानं तिचं हसणं ऐकलं नव्हतं. बाजारात दोन बायकांनी रेडिओचा आवाज वाढवला.

फोन बंद झाल्यावर ती वळली.

“इस्त्रीला काय झालंय?” तिनं विचारलं.

“तुमच्या सरकारसारखंच. बाहेरून चकाकी, आत वायर तुटलेली.”

“आणि दुरुस्तीला किती वेळ?”

“तुमच्या सरकारकडे दिली असती तर चार वर्षं. माझ्याकडे... उद्या या.”

काम पंधरा मिनिटांचं होतं. पुढच्या महिनाभरात त्या इस्त्रीला आणखी तीन आजार निघाले. इस्त्रीला त्यांची काही कल्पना नव्हती.

चौथ्या खेपेला डार्कोआ म्हणाली, “तुमचं म्हातारपण पक्षाकडे आहे. माझं बघायचंय? चला.”

गावाबाहेर जुमापोच्या वाटेवर तिचा प्लॉट होता. आमच्याकडे शहाणी माणसं म्हातारपण सिमेंटच्या ब्लॉकमध्ये साठवतात. शाळा उघडल्या, गणवेश खपले, की डार्कोआ सिमेंट आणायची आणि ब्लॉक पाडून घ्यायची. मागे भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या, पुढे स्वतःची एक. सहा वर्षांत भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. छपराचा विषय अजून निघाला नव्हता.

“हे ताजे,” तिनं रांगेकडे बोट दाखवलं. “या वाऱ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं. नाहीतर तडकतात.”

“आज मारलंत?”

“मला वाटलं, राष्ट्रीय काम करणाऱ्या माणसाला बादली उचलता येते का ते बघावं.”

त्यानं विहिरीवरून सात बादल्या आणल्या. ती ओंजळीनं शिंपडत होती, तोही शिंपडू लागला. करडे ब्लॉक काळे होत गेले आणि त्यांतून बारीक सुस्कारा आल्यासारखा आवाज येऊ लागला.

“ऐकू येतंय?” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“पितायत.”

तो ऐकायला वाकला, तीही वाकली. इतक्या जवळून त्यांनी एकमेकांचा आवाज कधी ऐकला नव्हता, आणि नेमकं तेव्हाच दोघंही गप्प होते.

“तुमच्या पापणीवर धूळ आहे,” तो म्हणाला.

“राहू दे. सत्ताधारी पक्षाच्या पापणीवर आहे. हात लावलात तर चौकशी बसेल.”

“विरोधी पक्षानं नुसती... फुंकर मारली तर?”

तिनं डोळे मिटले. “मारा. नोंद मात्र राहील.”

त्यानं फुंकर मारली. नोंद राहिली.

त्यानंतर रेडिओवरची भांडणं चालूच होती, पण त्यांना काहीतरी झालं होतं. ओबेंग महागाईवर तुटून पडायचा आणि शेवटी म्हणायचा, “माझ्या विद्वान विरोधकांचा काल आवाज बसला होता, त्यांनी आलं घालून काही गरम घ्यावं.” डार्कोआ ढोल पक्षाच्या जाहीरनाम्याच्या चिंध्या करायची आणि सांगायची, “त्या गृहस्थांचा हेतू वाईट नाही. वेळेवर जेवत नाहीत, त्यामुळे असं बोलतात.” अंकल टेटे जाहिराती लावायचे. ढोलवाल्यांना वाटलं होडीनं आपला माणूस फोडला, होडीवाल्यांना वाटलं ढोलानं आपली बाई फोडली. खरं काय ते बाजारातल्या बायकांना कळलं होतं, पण त्यांना फोन करायला वेळ नव्हता.

ऑगस्टमध्ये, चवळीचे वडे खाता खाता, ओबेंगनं विचारलं. सरळ नाही. “समजा, एखाद्या दिवशी... दारूच्या दोन बाटल्या घेऊन मी तुझ्या मामांच्या दारावर टकटक केली. तर दार उघडेल का?” मुलीच्या मामाकडे मागणी घालायची आमच्याकडे हीच रीत आहे.

डार्कोआनं वडा खाली ठेवला.

“उघडावं असं फार वाटतं,” ती म्हणाली. “पण माझं ऐक. तुझं म्हातारपण ढोल जिंकण्यावर आहे. तुझ्याशी लग्न केलं की माझंही त्यावरच. मग म्हातारपणी दोन घास मिळावेत म्हणून डिसेंबरात मी अंगठा कुठे उठवायचा? ढोलावर?”

“मतदान गुप्त असतं.”

“माझ्यापासून नसतं ना. क्वासी, तुझ्याकडे स्वतःचं असं काहीतरी असू दे. एक ब्लॉक असला तरी चालेल. पण पक्षाकडून आलेला नको. मग ये टकटक करायला.”

ओबेंग चार महिने विचार करत राहिला. पद तर नक्की होतं. आठ वर्षं त्यानं त्यासाठी घसा कोरडा केला होता. आयत्या वेळी ते सोडायचं म्हणजे पिकलेला आंबा शेजाऱ्याच्या अंगणात टाकण्यासारखं होतं. आणि पद न सोडावं तर डार्कोआ होती, चार महिने काही न विचारता त्याच्याबरोबर ब्लॉकवर पाणी मारत होती. तेच त्याला जड जात होतं.

निवडणुकीला दहा दिवस उरले तेव्हा ढोल पक्षाचे चेअरमन स्वतः दुकानात आले. पंख्यापुढे बसले आणि खिशातून कागद काढला.

“उप-समन्वयक, बाजार स्वच्छता. खुर्ची, टेबल, पेन्शन. हे बघ, तुझं नाव.”

ओबेंगनं नाव पाहिलं. स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं.

“उद्या एक फोन करायचा,” चेअरमन म्हणाले. “सांगायचं, त्या शिंपिणीचा प्लॉट होडीवाल्यांनी तिला फुकटात दिलाय.”

“तो तिनं विकत घेतलाय, चेअरमन. मला माहितीय, मी—”

“खरं काय ते मी विचारलं का? काय बोलायचं ते सांगितलं.”

“आणि नाही बोललो तर?”

चेअरमननी कागदाची घडी घातली. “यादी लांब आहे रे, ओबेंग. पंखा मात्र छान चालवतोस.”

दुसऱ्या दिवशी सातच्या बातम्यांनंतर त्याचा फोन लागला. चेअरमन घरी पेज पीत ऐकत होते. डार्कोआ दुकानात, तोंडात टाचण्या धरून, एका गणवेशाची बाही बसवत होती.

“बोला, जंक्शन ओबेंग,” अंकल टेटे म्हणाले.

“अंकल... सिस्टर डार्कोआंच्या प्लॉटबद्दल बोलायचंय.”

डार्कोआची बाही तिरकी गेली.

“तो प्लॉट त्यांना कुणी दिलेला नाही. त्यांनी घेतलाय. गणवेश शिवून. उद्यापरवा कुणी रेडिओवर वेगळं सांगितलं तर मला विचारा, त्या ब्लॉकवर पाणी मी मारलंय.” त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. “आणि दुसरं असं, की फेब्रुवारीत मी म्हणालो होतो, माझं म्हातारपण पक्षाच्या हातात आहे. ते मी काढून घेतोय.”

“काढून ठेवणार कुठे?”

“ते... दुसऱ्या लाइनवर कुणी आहे का बघा ना, अंकल.”

“दुसऱ्या लाइनवर कुणी नाहीये,” अंकल टेटे म्हणाले. त्यांच्या आवाजात खेद होता, बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

कुणी असणार कसं? डार्कोआ अकरा वेळा नंबर फिरवून बसली होती. पण अख्खं कोफोरिडुआ त्याच वेळी फोन लावत होतं, तिनं ताबडतोब हो म्हणावं हे सांगायला. बाराव्यांदा बिझी लागल्यावर तिनं टाचण्या काढल्या, टॅक्सी पकडली आणि गाव ओलांडून जंक्शनवर उतरली. ओबेंग अजून फोन धरूनच होता. अंकल टेटेंनी त्याला सोडलं नव्हतं, मध्ये दोन वेळा साबणाची जाहिरात लावली होती.

तिनं त्याच्या हातातून फोन घेतला.

“सिस्टर डार्कोआ बोलतेय. ढोलवाल्यांच्या रिचार्जवरून.”

“होडी पक्षाच्या वतीनं?”

“नाही. माझ्या स्वतःच्या वतीनं. त्यांना सांगा... हो.”

“ते तुमच्या शेजारीच आहेत ना?”

“आहेत. पण मी बोललेलं त्यांना रेडिओवरच ऐकायची सवय आहे.”

आणि खरोखरच ओबेंग रेडिओकडे बघत होता. रेडिओतून क्षणभर उशिरा ‘हो’ आलं, तेव्हा कुठे तो वळला. पुढचं रेडिओवर गेलं नाही. अंकल टेटेंनी देशभक्तिपर गाणं लावलं.

त्याच दुपारी चेअरमननी ओबेंगचं रिचार्ज बंद केलं. गुरुवारी तो बाजारात, छोट्या धंदेवाल्यांसाठी मांडलेल्या पेन्शन योजनेच्या टेबलापुढे रांगेत उभा राहिला, स्वतःच्या नावानं खातं उघडलं, आणि पंख्यांच्या कमाईतून पहिले वीस ब्लॉक घेऊन हातगाडीनं तिच्या प्लॉटवर पोचवले. मग दोन बाटल्या घेतल्या आणि मामांच्या दारावर टकटक केली. दार उघडंच होतं, पण रीत म्हणून मामांनी ते आधी लावून घेतलं.

निवडणूक ढोल पक्ष जिंकला. डार्कोआ दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं नव्या सरकारविरुद्ध पहिला फोन केला आणि ओबेंगनं तिला त्यासाठी गरम आल्याचं पाणी करून दिलं. जानेवारीत लग्न झालं. एका तंबूखाली दोन्ही पक्षांची माणसं जेवली, भात कुणाचा चांगला यावर भांडली आणि नाचली. पेन्शनच्या पदावर पाणी सोडणारा प्रेमवीर म्हणून ओबेंगकडे बोट दाखवायची गावात सवय पडली. मुली आपापल्या मित्रांना त्याचं उदाहरण देऊ लागल्या.

मार्चमध्ये जिल्हा कार्यालयातला पंखा बंद पडला. ओबेंग तो दुरुस्त करायला गेला. काम झाल्यावर त्यानं सहज कारकुनाला विचारलं, की बाजार स्वच्छतेचं उप-समन्वयकपद शेवटी मिळालं कुणाला. कारकुनानं रजिस्टर काढलं आणि शेवटच्या पानापर्यंत पाहिलं.

असं पद त्या कार्यालयात कधीच नव्हतं.