लाल डोक्याची टाचणी

आमच्या कुष्ठरोग दवाखान्यात सकाळी आठला पहिलं काम पाय धुण्याचं. घमेल्यात साधं पाणी, त्यात वीस मिनिटं पाय, मग भेगा खरवडायच्या, तेल लावायचं, जखम असली तर पट्टी. बधिर पायाला काटा कळत नाही, चटका कळत नाही. माणूस चालत राहतो आणि पाय सडतो. यात पुण्यबिण्य काही नाही, ही निगा आहे, असं मी सिस्टर इग्नेशियांना दोन वर्षं ऐकवत होते.

सिस्टर वसईच्या. बनारसमध्ये घराबाहेर मराठी बोलायला मिळतं म्हणून मी या दवाखान्यात टिकले, असं आई म्हणायची. पाय धुताना सिस्टर ओठातल्या ओठात प्रार्थना करायच्या. मी राजा घाटामागच्या भिक्षुकाच्या घरातली. देव आमच्याकडे रोजच्या कामाचा भाग, त्यामुळे मला त्याचा धाक कधी वाटला नाही. माझं काम तपासणीचं. पेशंटने डोळे मिटायचे, मी स्पिरिटने पुसलेली लाल डोक्याची टाचणी तळव्याला टेकवायची, कळलं तिथे त्याने बोट ठेवायचं. नाही कळलं तर कागदावरच्या पायाच्या चित्रावर मी फुली मारायची.

विष्णु अहिल्याबाई घाटावर भीक मागायचा. त्याच्या उजव्या पायाचा कागद अकरा वर्षं फुल्यांनी भरलेला. शहाण्णवच्या एप्रिलमध्ये एका बुधवारी मी टाचेला टाचणी टेकवली आणि त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"आँख खोल के देख रहे हो?" मी दरडावलं.

"नाहीं बहिनजी, गडत बा," तो घाबरून म्हणाला. टोचत होतं त्याला.

मी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. दहापैकी दहा वेळा बरोबर. मेलेली नस परत येत नाही, हे मी शिकले आहे आणि दुसऱ्यांना शिकवलंही आहे. जुना कागदच चुकला असेल, असं मी ठरवून टाकलं. पण पंधरा दिवसांत आणखी दोघांचे कागद चुकले, आणि ते तर मीच भरलेले होते.

मग ती दुपार आली. अंगणातली फरशी तव्यासारखी तापली होती. सिस्टर तिच्यावर अनवाणी उभ्या राहून पट्ट्या वाळत घालत होत्या. सावकाश, एकेक चिमटा लावत.

"चपला नळापाशी राहिल्या वाटतं," त्या म्हणाल्या. तळव्यावर बटाट्याएवढा फोड आला होता.

मी त्यांना बसवलं आणि टाचणी काढली. उजव्या पायाला काही कळत नव्हतं. डाव्यालाही नाही. त्यांचा कागद मी विष्णुच्या जुन्या कागदावर ठेवून उजेडात धरला, तर फुलीवर फुली बसली. डाव्या पायाच्या फुल्या बाकीच्या दोघांच्या होत्या. कातडीचा नमुना तपासायला पाठवला. रिपोर्ट आला, रोग नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ते वाचतात ना, त्या दिवशी. विष्णुचे पाय धुताना मागितलं, याचं मला दे म्हणून."

"आणि बरं करायचं तर तुमच्या देवाला दुसऱ्याचं ओरबाडावं लागतं?"

"ओरबाडत नाही गं. मी देते."

"मी देऊ देणार नाही."

मी घमेलं कपाटात घातलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. पेशंटना आपापले पाय नळाखाली धुवायला लावले.

आठवड्याने चुनारकडून एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव मुक्ता. उजव्या टाचेला हाडापर्यंत जखम होती, आणि हसत होती पोरगी, कारण दुखतच नव्हतं. डॉक्टरांनी पाय कापायला शुक्रवार दिला.

"किल्ली दे," सिस्टर म्हणाल्या.

"तुमच्याकडे द्यायला उरलंय काय?"

"हात आहेत की."

मी ओरडलेच. "हात नाही द्यायचे! मी धुते तिचा पाय. कुणाकडे काही न मागता. मग बघू काय होतं ते."

मी कपाटातून घमेलं आणलं आणि चपला काढून फरशीवर बसले. पाणी ओतलं. पाय हातात घेतला.

"दीदी, कट जाई त खेलब कइसे?" मुक्ताने विचारलं.

मी प्रार्थना केली नाही. वर बघून मनात एवढंच म्हटलं, हिचा पाय तुला मिळणार नाही.

वारा नव्हता. तरी घमेल्यातलं पाणी एकदा थरथरलं.

मी टाच पुसली. टाचणी टेकवली.

मुक्ता किंचाळली. पाय झाडला, टाचणी कुठेतरी उडाली. तिची आई रडायला लागली, मुक्ता रडायला लागली. डॉक्टर धावत आले, त्यांनी स्वतः दोनदा तपासलं आणि शुक्रवारचं ऑपरेशन पुढे ढकललं.

मी मात्र टाचणी शोधत राहिले. आमच्या पेशंटच्या पायात गेली तर त्यांना कळणारही नाही. सगळं अंगण अनवाणी पालथं घातलं. मिळाली नाही.

संध्याकाळी घरी आले, दाराशी चपला काढल्या आणि पाणी प्यायला आत गेले.

"शरदिनी, हे काय गं?" आईने विचारलं.

दारापासून माठापर्यंत फरशीवर लाल ठिपके होते. आईने मला खाली बसवलं, माझी उजवी टाच वळवली आणि नखाने काहीतरी उपसून काढलं. लाल डोकं.

"एवढी आत गेली, तरी दुखत नाही तुला?"

"नाही," मी म्हटलं, आणि माझंच उत्तर ऐकून गार पडले. घाबरले होते, खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा राग जास्त होता. तो राग मला रात्रभर पुरला.

सकाळी आठला दाराशी तीन नवे पेशंट बसले होते. सिस्टरनी माझ्या टाचेची पट्टी पाहिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"तू नको, शरदिनी."

"मी तुमचं ऐकत नाही, तुमच्या देवाचंही ऐकणार नाही. एकटीने सोसायचं नाही इथे कुणी."

मी कुलूप काढलं आणि घमेलं नळाखाली ठेवलं. ते भरेपर्यंत तपासणीचा एक कोरा कागद घेतला, वर माझं नाव लिहिलं आणि उजव्या टाचेवर फुली मारली.

बाकी सगळा कागद अजून मोकळा होता.