तोरकमरचा कौल

तोरकमरच्या खिंडीत पहाट होत होती, पण ती पहाट प्रसन्न नव्हती. वायव्य सरहद्दीच्या त्या उघड्याबोडक्या डोंगरांवर उजेड आला तो राखेच्या रंगाचा, आणि त्या उजेडात नवा बुरूज असा उभा होता की जणू खिंडीच्या मानेवर कुणी गुडघा ठेवला आहे. पहिल्या महायुद्धातून वाचलेल्या इंग्रज सरकारला आता दुसऱ्या युद्धाची चाहूल लागली होती, म्हणून सरहद्दीवर जागोजागी दगड-सिमेंटचे बुरूज उठत होते. ज्या पठाणांवर नजर ठेवायची, तेच पठाण गाढवांवरून दगड वाहून आणत होते. राज्यकर्त्यांची अक्कल ही अशी चालते. ज्याचा गळा दाबायचा, त्याच्याच हातून दोर वळून घ्यायचा.

बुरुजाला तीन अंगांनी जंग्या होत्या. बंदुकीची नळी बाहेर काढायची ती अरुंद भोके. चौथे अंग मात्र सपाट, आंधळे होते. त्या अंगाला खाली गाव होते, आणि गावाचा एकुलता एक झरा.

त्या आंधळ्या भिंतीकडे पाहत सुभेदार राणोजी उतेकर उभे होते. पोलादपूरकडचा हा मराठा गडी सरहद्दीवर केस पिकवून बसला होता आणि पश्तो मायबोलीसारखी बोलत होता. म्हणूनच जिरग्यात, म्हणजे पठाणांच्या पंचायतीत, मोठ्या साहेबाचा शब्द त्यांनी आपल्या तोंडून उच्चारला होता, की बुरूज होईल, पण गावाकडे एकही जंगी उघडणार नाही. तो कौल ऐकून गावाचे प्रमुख, मलिक शादमीर, यांनी झऱ्याकाठी एक दगड उभा केला. त्या खोऱ्याची रीतच तशी होती. दगड उभा आहे तोवर दोन्हीकडची बंदूक मुकी. तो कुणी उचललाच, तर उचलणाऱ्याने आपला जीव समोरच्यांना मोकळा ठेवायचा. त्याचे रक्त पडले की त्या दिवशी दुसऱ्या कुणाला बोट लावायचे नाही.

न्याहारी आटोपते न आटोपते तोच कॅप्टन हार्लो मोटारीतून आला. हा तरुण अधिकारी नवा होता, हुशार होता आणि घाईत होता. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की सरहद्दीवर माणसे मरतात. गावात बंडखोर लपले असल्याची बातमी आहे, असे त्याने सांगितले. उद्या पहाटे आंधळी भिंत फोडून जंग्या पाडायच्या, झऱ्यावर गर्दी जमली की मशीनगन सुरू करायची, बाई कोण नि बंडखोर कोण हे निवडत बसायचे नाही, असा त्याचा हुकूम होता.

"साहेब, त्या भिंतीचा आम्ही कौल दिलाय," उतेकर म्हणाले.

कौल मोठ्या साहेबाने दिला, मी नव्हे, असे सांगून हार्लोने विषय मिटवला आणि मशीनगन आणायला तो मागच्या छावणीकडे निघून गेला.

उतेकर तटावर जाऊन बसले. हुकूम मोडावा, तर ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी बेइमानी. पाळावा, तर उद्या त्या झऱ्यावर पोरीबाळी पडणार, आणि त्या पडणार उतेकरांच्या शब्दावर विसंबून. लष्कराचे गुपित फोडणे त्यांच्या रक्तात नव्हते.  मग ते उठले, पिस्तूल नि कमरपट्टा काढून त्यांनी नाईक तुळोजी मोऱ्याच्या हाती दिला. तुळोजी त्यांच्याच गावचा. धनी काय करायला निघाला आहे ते त्याने चेहऱ्यावरून ओळखले.

"तुमी न्हाय जायाचं, सुभेदार. दगूड मी उचलतो."

"कौल माझ्या तोंडून गेलाय, तुळोजी. तुझ्या न्हाय."

भर उन्हात, साऱ्या गावादेखत, उतेकर नि:शस्त्र झऱ्याकडे उतरले. समोरच्या उतारावर बंदुका सावध झाल्या. पाणी भरणाऱ्या बायका बाजूला सरल्या. उतेकरांनी वाकून दगड कवेत घेतला, तोच मलिक शादमीर पुढे आले.

"सुभेदारसाहेब, याचा अर्थ आपण जाणता?"

"जाणतो, मलिकसाहेब. म्हणूनच स्वतः आलो. कारण विचारू नका. खाल्लेलं मीठ बोलू देत नाही."

वृद्ध मलिकांनी एकवार त्या आंधळ्या भिंतीकडे पाहिले, एकवार उतेकरांकडे पाहिले, आणि त्यांना सगळे उमगले. त्यांचे डोळे पाण्याने भरले. "आज तुमच्या पाठीवर कुणी गोळी घालणार नाही," ते म्हणाले. "उद्या मात्र रीत पाळावी लागेल."

"मी समोरच असेन," उतेकर म्हणाले, आणि दगड आडवा ठेवून परत चढले.

दिवेलागणीच्या आत गाव रिकामे झाले. बायका, मुले, शेळ्या, खाटासुद्धा डोंगरापलीकडे गेल्या. पहाटे हार्लो मशीनगन घेऊन आला, तेव्हा खाली एकाही चुलीचा धूर नव्हता. त्याने संतापून जाब विचारला. उतेकरांनी दगड उचलल्याचे कबूल केले, गुपित मात्र फोडले नाही, असे शांतपणे सांगितले. कोर्टमार्शल होईल, असे हार्लो म्हणाला.

"होऊ द्या, साहेब. आधी आपला हुकूम पुरा करतो."

पूर्ण गणवेशात ते आंधळ्या भिंतीच्या माथ्यावर चढले आणि जंग्या पाडणाऱ्यांना तिथून सूचना देऊ लागले. जवानांना त्यांनी भिंतीच्या आडोशाला ठेवले, स्वतः मात्र उघड्यावर राहिले. शेवटच्या जंगीचा दगड निखळला आणि समोरच्या कड्यावरून एकच गोळी आली. राणोजी उतेकर बुरुजाच्या आत कोसळले ते पुन्हा उठले नाहीत. दुसरी गोळी आली नाही.

दुपारी बुरुजाखाली चिता पेटली. तेव्हा समोरच्या उतारावर खडकांआडून मलिक शादमीर उठले, त्यांच्यामागे त्यांची माणसे उठली. बंदुका जमिनीवर ठेवून, उघड्या माऱ्यात, ती सारी मान खाली घालून उभी राहिली. नेम चुकणे शक्य नव्हते. हार्लोने नव्या जंग्यांतून गोळीबाराचा हुकूम दिला. मशीनगनमागे तुळोजी होता. त्याचा हात हलला नाही. हार्लोने हुकूम पुन्हा दिला. कुठल्याच जंगीतून आवाज निघाला नाही.

पुढे चौकशी बसली. अख्खी तुकडी नि:शस्त्र करून मैदानात उभी केली गेली. हुकूम का पाळला नाही, असे पहिल्यांदा तुळोजीला विचारण्यात आले.

"चितेचा धूर डोळ्यांत गेला, साहेब. समोरचं माणूस दिसलं न्हाय."

त्याच्यामागून एकेक जवान पुढे आला, आणि प्रत्येकाने तेच सांगितले. त्या दुपारी वारा बुरुजाकडून डोंगराकडे वाहत होता, धूर सगळा वर चढून डोंगराकडे गेला होता, बुरुजातल्या एकाच्याही डोळ्यांत नाही. हार्लो स्वतः तिथे उभा होता. चौकशीच्या अध्यक्षांनी त्याला विचारले, हे खरे का? त्याने त्या रांगेकडे पाहिले आणि तो म्हणाला, "होय, धूर फार होता."